काजळीचा डाग

काजळी ही घरोघरच्या परिचयाची वस्तु. भिंतीला लागली तर वर चुना फिरवावा, भांड्याला लागली तर राखेनें घासून काढावी, हाताला लागली तर धुऊन टाकावी. यापलीकडे तिचा विचार करण्याचें कारण सहसा कोणास पडत नाहीं. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत या क्षुद्र काजळीनें फार मोठें स्थान मिळविलें आहे. मनुष्याच्या भोंवतालच्या पदार्थांत असें कांहीं द्रव्य असूं शकतें, कीं जें देहांत वर्षानुवर्षें मुकाट्यानें काम करून अखेरीस कर्करोग उत्पन्न करतें, ही गोष्ट मनुष्यजातीस प्रथम काजळीनेंच शिकविली. तो धडा १७७५ सालीं सुरू झाला. आणि त्याचा उत्तरार्ध, म्हणजे रोग जडल्यानंतरहि तेंच द्रव्य रोगाला पोसतें व औषधाला अडवितें हा भाग, अगदीं अलीकडच्या काळांत उलगडूं लागला आहे.

अठराव्या शतकांतील लंडनमध्यें घरोघर दगडी कोळशाच्या शेगड्या असत आणि त्यांचा धूर बाहेर जाण्यासाठीं भिंतींतून वर नेलेलीं धुराडीं असत. हीं धुराडीं वांकडींतिकडीं व इतकीं अरुंद असत, कीं कांहींची रुंदी जेमतेम ९ इंच भरे. मोठा माणूस त्यांत शिरणें अशक्य. म्हणून तीं झाडण्याचें काम लहान मुलांच्या वांट्यास आलें. पांच-सहा वर्षांचीं अनाथ किंवा दरिद्री मुलें या धंद्यांतील उस्तादाच्या हवालीं केलीं जात. कोपरें व गुडघे भिंतीला रेटीत मुलगा अंधारांत वर चढे. डोक्यावर काजळीचा वर्षाव होई. मध्येंच कोठें अडकला तर गुदमरून प्राण जाई. अंगावर धड वस्त्र नसे. स्नान तर महिनोन् महिने घडत नसे. आणि रात्रीं निजावयास बहुधा काजळीचीं पोतींच मिळत.

या मुलांपैकीं जीं जगून वयांत येत, त्यांतील कित्येकांच्या अंडकोशाच्या त्वचेवर पुढें एक लहानसा, खरबरीत कडांचा व्रण दिसूं लागे. धंद्यांतील लोक त्याला ‘काजळीचा मस’ म्हणत. वैद्य मंडळी त्याला गुप्तरोग समजून पाऱ्याचीं औषधें देत. रोगी अपमान सोशी आणि पाराहि पचवी. व्रण मात्र वाढतच जाई. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील विख्यात शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याची दृष्टि या चुकीवर गेली. पाठीच्या कण्याच्या क्षयाला आजहि त्याचेंच नांव दिलें जातें. १७७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधांत त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें कीं, हा गुप्तरोग नव्हे. त्वचेच्या वळ्यांत साचून राहिलेल्या काजळीमुळें होणारा हा कर्करोग आहे. व्रण लहान आहे तोंच कापून काढावा, एकदां तो आंत पसरला म्हणजे शस्त्राचा उपयोग होत नाहीं, असा इशाराहि त्यानें दिला. कर्करोग म्हणजे शरीरांतील कृष्णपित्ताचा प्रकोप, ही प्राचीन ग्रीक वैद्यकाची समजूत त्या काळीं पुरती मावळली नव्हती. अशा वेळीं रोगाचें मूळ रोग्याच्या प्रकृतींत न शोधतां त्याच्या धंद्यांत शोधणें, हें पॉटचें खरें मोठेपण होय.

कारण कळलें, मग उपाय तर हातींच होता. मुलांना धुराड्यांत चढवूं नये, एवढेंच करावयाचें होतें. परंतु ज्ञान आणि आचार यांमधील अंतर किती असूं शकतें, याचें येथें मोठें उद्बोधक उदाहरण मिळतें. १७८८ सालीं पार्लमेंटानें आठ वर्षांखालील मुलांस या धंद्यांत घेण्याची मनाई केली. पण ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्याची सोय केली नाहीं. १८४० सालीं २१ वर्षांखालील कोणासहि धुराड्यांत चढविण्यास बंदी झाली. १८६४ सालीं शिक्षा अधिक कडक झाल्या. तरी मुलें चढतच राहिलीं. लांब दांड्यांचे ब्रश निघाले होते, पण ब्रशापेक्षां मूल स्वस्त पडे, आणि आपलीं वांकडीं धुराडीं सुधारून घेण्याचा खर्च घरमालकांना नको असे. अखेर १८७५ च्या फेब्रुवारींत इंग्लंडमधील फुलबर्न येथें एका रुग्णालयाचें धुराडें साफ करतांना जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा मुलगा मृत्यु पावला. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं पार्लमेंटांत पुन्हां आवाज उठविला; त्याच वर्षीं परवान्याची सक्ती करणारा व अंमलबजावणी पोलिसांकडे सोंपविणारा कायदा झाला, आणि ही क्रूर प्रथा बंद पडली. पॉटच्या निबंधास तेव्हां बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

मुलें धुराड्यांतून सुटलीं, तरी प्रौढ झाडूवाल्यांमध्यें हा रोग आढळतच होता. येथें एक कोडें होतें. काजळी तर सर्व युरोपांत सारखीच काळी. मग हा रोग मुख्यत्वेंकरून इंग्लंडांतच कां दिसावा? १८९२ सालीं हेन्री बटलिन या शस्त्रवैद्यानें याचा शोध घेतला. जर्मनी व आसपासच्या देशांतील झाडूवाले अंगाला घट्ट बसणारा, गळ्यापासून पायापर्यंतचा पोषाख घालीत आणि काम संपल्यावर अंग स्वच्छ धूत. इंग्लंडांत तसें होत नव्हतें. द्रव्य तेंच, धंदा तोच. भेद होता तो केवळ एका पोषाखाचा आणि घंगाळभर पाण्याचा! म्हणजे काजळीचा संपर्क किती वेळ व किती वर्षें घडतो, यावर तिचा घातकपणा अवलंबून होता. हा मुद्दा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढील सर्व कथा याच मुद्द्याचा विस्तार आहे.

दरम्यान काजळीचें एक भावंड जगाच्या बाजारांत मोठ्या डौलानें अवतरलें होतें. दगडी कोळशापासून वायु काढल्यावर मागें उरणारें डांबर एके काळीं निव्वळ कचरा समजलें जाई. १८५६ सालीं विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. लवकरच ही विद्या जर्मनीनें हस्तगत केली. स्त्रियांचीं वस्त्रें नव्या तेजानें झळकूं लागलीं. पण रंगाच्या वाफेंत उभ्या असलेल्या कामगारांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८९५ सालीं फ्रँकफर्ट येथील लुडविग रेन या शल्यविशारदानें फुक्सीन नांवाचा तांबडा रंग तयार करणाऱ्या तीन कामगारांच्या मूत्राशयांत कर्करोग झाल्याचें जाहीर केलें. हाच रेन पुढच्या वर्षीं मनुष्याच्या जखमी हृदयास यशस्वी टांका घालून अजरामर झाला. काजळी जेथें लागे तेथेंच रोग होई; येथें मात्र श्वासावाटे व त्वचेवाटे देहांत शिरलेलें द्रव्य, बाहेर पडतांना ज्या ठिकाणीं थांबे त्या ठिकाणीं घात करीत होतें. १९३८ सालीं अमेरिकेंत विल्हेल्म ह्यूपर व त्याचे सहकारी यांनीं बीटा-नॅफ्थिलअमाइन हें रंगधंद्यांतील द्रव्य कुत्र्यांना देऊन त्यांच्या मूत्राशयांत कर्करोग उत्पन्न केला, आणि कामगारांच्या रोगाचें कारण सप्रमाण सिद्ध झालें.

परंतु हीं सर्व अनुमानें प्रयोगानें पडताळून पाहण्याचा मार्ग प्रथम उघडला तो जपानमध्यें. डांबर फांसून जनावरांत कर्करोग निर्माण करण्याचे प्रयत्न युरोपांत अनेकांनीं केले व सोडून दिले होते. त्यांच्याजवळ बुद्धि होती. अभाव होता तो चिकाटीचा. तोकियोच्या विद्यापीठांत कात्सुसाबुरो यामागिवा हे क्षयानें जर्जर झालेले प्राध्यापक आणि त्यांचे तरुण सहकारी कोइची इचिकावा यांनीं सशांच्या कानांवर दोन-तीन दिवसांआड डांबर फांसण्यास प्रारंभ केला. आठवडे गेले, महिने गेले. कानावर पुरळापलीकडे कांहीं दिसेना. तरी हात थांबला नाहीं. अखेरीस १९१५ सालीं त्या कानांवर खराखुरा कर्करोग उद्भवल्याचें त्यांनीं जगास दाखविलें. पॉटच्या निबंधास तेव्हां १४० वर्षें झालीं होतीं. कामगाराच्या देहांत १५-२० वर्षें चालणारी गुप्त क्रिया आतां प्रयोगशाळेंत डोळ्यांसमोर घडवितां येऊं लागली.

डांबर म्हणजे शेंकडों द्रव्यांचें मिश्रण. त्यांतील चोर कोणता? हा शोध लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या संशोधनसंस्थेंत अर्नेस्ट केनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चालविला. चोर ओळखण्याची खूण त्यांना मिळाली ती प्रकाशाची. घातक डांबरावर अदृश्य जंबूपार किरण टाकले असतां त्यांतून एका विशिष्ट प्रकारची निळसर चमक निघे. त्या चमकेचा माग काढीत आयझॅक हायगर, जेम्स कुक व हेवेट यांनीं गॅसच्या कारखान्यांतील दोन टन डांबरापासून अंशाअंशानें द्रव्य शुद्ध करीत नेलें. १९३३ सालीं त्यांच्या हातीं थोडेसे पिंवळे स्फटिक आले. त्यांस ‘बेंझोपायरीन’ असें नांव मिळालें. काजळींत, डांबरांत, लांकडाच्या धुरांत, मोटारीच्या धुरांत आणि तंबाखूच्या धुरांत हेंच द्रव्य असतें. लंडनच्या धुराड्यांतील पोरांचा वैरी अखेर नांवनिशीसह सांपडला.

आतां प्रश्न उरला तो असा: हें द्रव्य कर्करोग एकदम निर्माण करतें, कीं पायरीपायरीनें? याचें उत्तर ज्या प्रयोगानें मिळालें, त्यांत महाराष्ट्रांतील जुन्या घरांत सुपरिचित असलेल्या एका वस्तूनें भाग घेतला. ती वस्तु म्हणजे जमालगोटा. ऑक्सफर्ड येथें आयझॅक बेरेनब्लम व फिलिप शुबिक यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदराच्या पाठीवर कर्करोगकारक द्रव्याचा एकच हात फिरविला. तो इतका अल्प होता, कीं तेवढ्यानें गांठी उद्भवत नसत. दुसऱ्या उंदरांस नुसतें जमालगोट्याचें तेल वारंवार लावलें; त्यानेंहि विशेष कांहीं झालें नाहीं. परंतु आधीं त्या द्रव्याचा एक हात आणि मग जमालगोट्याचें तेल वारंवार, असा क्रम ठेवतांच पाठीवर गांठींचें पीक आलें. क्रम उलटा केला, तर कांहीं नाहीं. विशेष हें, कीं पहिला हात फिरविल्यावर कित्येक आठवडे जाऊं दिले, तरी तेल लावावयास आरंभ करतांच गांठी उगवत.

या साध्या प्रयोगाचा अर्थ फार खोल होता. शेतकऱ्याच्या भाषेंत सांगावयाचें तर पेरणी वेगळी आणि पाणी पाजणें वेगळें. पहिलें द्रव्य पेशींत बीज पेरतें. तें बीज पुसलें जात नाहीं. पण त्याला रोज पाणी मिळाल्याविना तें वर येईलच असें नाहीं. पेरणी टाळणें सर्वोत्तम. परंतु पेरणी होऊन गेली, तरी पाणी तोडणें हातीं राहतें. भोंवतालच्या द्रव्यांचा कर्करोगाच्या वाढीशीं काय संबंध, याचें सूत्र या एका दृष्टान्तांत सामावलेलें आहे.

पेरणी नेमकी कोठें होते, हें पुढील अर्धशतकांत स्पष्ट झालें. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जेम्स व एलिझाबेथ मिलर या दांपत्यानें दाखविलें, कीं यांतील बहुतेक द्रव्यें मूळ स्वरूपांत निरुपद्रवीच असतात. शरीर त्यांना पाण्यांत विरघळवून बाहेर टाकण्यासाठीं त्यांच्यांत फेरफार करूं लागतें, आणि त्या खटाटोपांतच त्यांना विषारी दांत फुटतात. हे दांत पेशींतील आनुवंशिक द्रव्यांत, म्हणजे डीएनएमध्यें, रुततात. १९९६ सालीं असें आढळून आलें, कीं बेंझोपायरीनचें हें दंतुर रूप पी-५३ नांवाच्या जनुकावर ज्या विवक्षित स्थळीं चिकटतें, तींच स्थळें धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगांत बिघडलेलीं असतात. पी-५३ हा पेशीचा पहारेकरी होय. पेशी बिघडली तर तिची वाढ थांबवावी, प्रसंगीं तिला मरण पत्करावयास लावावें, हें त्याचें काम. तोच घायाळ झाला म्हणजे बिघडलेली पेशी मोकाट सुटते. आणि ज्या औषधांची भिस्त याच पहारेकऱ्याच्या मदतीवर असते, त्यांचाहि प्रभाव मंदावूं शकतो.

पाणी घालण्याच्या क्रियेचें प्रत्यंतर तर अगदीं अलीकडे, आणि पुन्हां लंडनमध्येंच, मिळालें. जन्मांत कधीं विडी न ओढलेल्या माणसांसहि फुफ्फुसाचा कर्करोग होतो, तो कां? फ्रान्सिस क्रिक संस्थेंतील चार्ल्स स्वाँटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दिसून आलें, कीं निरोगी फुफ्फुसांतहि वयोमानाप्रमाणें बिघडलेल्या जनुकांच्या थोड्या पेशी सुप्तावस्थेंत पडून असतात. शहराच्या हवेंतील अतिसूक्ष्म धूलिकण फुफ्फुसांत दाह उत्पन्न करतात. त्या दाहानें सुप्त पेशी जाग्या होऊन वाढूं लागतात. जमालगोट्याच्या तेलानें उंदराच्या पाठीवर जें केलें, तेंच शहरची हवा मनुष्याच्या छातींत करते. बाह्य हवेचें प्रदूषण हें कर्करोगकारक होय, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१३ सालींच दिला होता. तें हें कार्य कसें करतें, त्याचा एक मार्ग आतां दिसला.

येथवर रोगाच्या उत्पत्तीची व वाढीची कथा झाली. उपचाराची कथाहि विषापासूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, ईप्र येथें जर्मनांनीं मस्टर्ड वायूचा प्रयोग केला. त्यानें मेलेल्या सैनिकांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा झाल्याचें १९१९ सालीं नमूद झालें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या येल विद्यापीठांत लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनीं विचार केला, कीं जें विष निरोगी पांढऱ्या पेशी मारतें, तें त्या पेशींच्या कर्करोगासहि मारील. १९४२ सालीं नायट्रोजन मस्टर्ड हें त्याचें भावंड एका रोग्यास टोंचण्यांत आलें आणि गांठी वितळल्या. कांहीं काळानें त्या पुन्हां उद्भवल्या खऱ्या. पण रासायनिक औषधांनीं कर्करोगाशीं झुंजण्याचा मार्ग त्या दिवशीं उघडला. मौज ही, कीं मस्टर्ड वायु स्वतः कर्करोगकारकच आहे. डीएनएला इजा करणें हाच त्याचाहि धर्म. रोग आणि औषध एकाच रणांगणावर, एकाच शस्त्रानें लढत असतात; तेव्हां त्या रणांगणावर बाहेरून तिसरें द्रव्य सतत येऊन पडत असेल, तर त्याचा परिणाम लढाईवर झाल्यावांचून कसा राहील?

तो कसा होतो, हें तंबाखूच्या धुराइतकें दुसऱ्या कशानेंहि स्पष्ट झालेलें नाहीं. १९९३ सालीं कॅनडांतील जॉर्ज ब्राउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मस्तक व मान यांच्या कर्करोगाचे रोगी तपासले. सर्वांवर किरणोपचार चालू होता. उपचाराच्या काळांत ज्यांनीं धूम्रपान वर्ज्य केलें, त्यांपैकीं शेंकडा ७४ जणांची गांठ पूर्णपणें विरघळली. जे ओढीतच राहिले, त्यांपैकीं अवघ्या शेंकडा ४५ जणांची. दोन वर्षांनीं पहिल्या वर्गांतील शेंकडा ६६ जण जिवंत होते, दुसऱ्यांतील शेंकडा ३९. किरण तेच, तज्ज्ञहि तेच. भेद होता तो धुराचा.

याची एक उपपत्ति प्राणवायूंत सांपडते. ब्रिटिश शास्त्रज्ञ एल. एच. ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें होतें, कीं पेशींत प्राणवायु भरपूर असेल तरच क्ष-किरण त्यांना परिणामकारक रीतीनें मारूं शकतात. गुदमरलेली पेशी किरणांपुढें चिवट ठरते. विडी-सिगारेटच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड रक्तांतील प्राणवायूची जागा अडवितो. गांठीला मिळणारा प्राणवायु कमी होतो. आणि रोग्याच्या हितासाठीं सोडलेला किरण अर्धवट बोथट होऊन पडतो.

औषधांच्या बाबतींत दुसरी एक युक्ति घडते. १९५६ सालीं ॲलन कॉनी यांनीं मिलर दांपत्याबरोबर काम करतांना पाहिलें, कीं डांबरी वर्गांतील द्रव्यें शरीरांत शिरलीं म्हणजे यकृत आपली सफाईची यंत्रणा अधिक जोमानें चालवूं लागतें. ही यंत्रणा आंधळी असते. धुरांतील बेंझोपायरीन बाहेर काढण्यासाठीं जी जादा फौज उभी राहिली, तीच वैद्यानें दिलेलें औषधहि परकें समजून झटपट मोडून टाकते. फुफ्फुसाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या एर्लोटिनिब या औषधाची नेहमींची मात्रा १५० मिलिग्रॅम. २००९ सालीं असें आढळलें, कीं धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरास ३०० मिलिग्रॅमची मात्राहि सोसते, इतक्या वेगानें तें रक्तांतून नाहींसें होतें. तर मग मात्रा दुप्पट करावी, असें कोणास वाटेल. तसेंहि करून पाहण्यांत आलें; परंतु दुप्पट मात्रेनें रोग अधिक काळ रोखून धरला गेला, असें दिसलें नाहीं. इरिनोटेकॅन या दुसऱ्या औषधाचीहि पातळी धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तांत कमी राहते.

या कथेंत मुंबई शहराचेंहि स्थान आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं भारतांतील कर्करोगाचा संबंध येथील चालीरीतींशीं जोडून पाहण्याची दृष्टि दिली. पाश्चात्त्य ग्रंथांत त्वचेचा, मूत्राशयाचा, फुफ्फुसाचा रोग वाचावा, तर येथें समोर रांग लागे ती तोंडाच्या व घशाच्या रोग्यांची. संघवी, राव व खानोलकर यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तंबाखू खाणें व ओढणें यांचा या रोगाशीं असलेला संबंध आंकड्यांनिशीं मांडला. लंडनमध्यें काजळी त्वचेच्या वळींत साचे. येथें चुन्यानें मळलेली तंबाखू गालाच्या वळींत साचते. अठराव्या शतकांतील झाडूवाल्यावर काजळी लादली गेली होती. येथें ती चिमूट कौतुकानें पुढें केली जाते, एवढाच भेद. २००४ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें तंबाखूविरहित विडा व नुसती सुपारी यांचाहि कर्करोगकारक द्रव्यांत समावेश केला. घरांतील कोळशाचा धूर तिच्या मतें निश्चित कर्करोगकारक, आणि लांकूडफाट्याच्या चुलीचा धूर बहुतांशीं तसाच.

हें सर्व ऐकून दोन प्रकारचे अतिरेक संभवतात. एक, रसायन म्हटलें कीं दचकावयाचें आणि साप म्हणून भुई धोपटावयाची. हें उचित नव्हे. प्रत्येक रसायन घातक नसतें. घातक द्रव्याचाहि प्रभाव त्याच्या प्रमाणावर व संपर्काच्या काळावर अवलंबून असतो, हें बटलिनच्या झाडूवाल्यांनीं शिकविलेंच आहे. शिवाय अनेकांस कर्करोग कोणताहि दोष नसतां होतो; रोग्याच्या खाटेपाशीं बसून त्याच्या संवयींचा झाडा घेणें हा निर्दयपणा होय. पॉटच्या पूर्वीं झाडूवाल्यांस गुप्तरोगी ठरविणाऱ्या वैद्यांनीं हेंच केलें होतें.

दुसरा अतिरेक अधिक घातक. तो निराशेचा. रोग तर झालाच, आतां विडी सोडून काय होणार? बैल गेला आणि झोपा केला, असें म्हणून रोगी व त्याचे आप्त स्वस्थ बसतात. परंतु या म्हणीचा येथें उपयोग नाहीं, कारण बैल अद्यापि गेलेला नसतो. मॉस्को येथील फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ५१७ रोग्यांचें निरीक्षण २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. हे सर्व रोगाच्या आरंभीच्या अवस्थांतील धूम्रपान करणारे होते. निदानानंतर ज्यांनीं धूम्रपान सोडलें, ते न सोडणाऱ्यांपेक्षां मध्यम मानानें सुमारें २२ महिने अधिक जगले. निरोगी माणसांचा हिशेब तर याहून आशादायक आहे. रिचर्ड डॉल व रिचर्ड पेटो यांनीं ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या निरीक्षणावरून २००४ सालीं दाखविलें, कीं पन्नाशींत धूम्रपान सोडणाराचा त्यापासून असलेला धोका निम्म्यावर येतो, आणि तिशींत सोडणाराचा जवळजवळ संपूर्ण टळतो. बीज पुसतां आलें नाहीं, तरी पाणी तोडतां येतें. आणि औषधाच्या वाटेंतील अडथळाहि दूर करतां येतो.

तात्पर्य, जें द्रव्य रोगाचें बीज पेरतें, तें पेरून निघून जात नाहीं. संपर्क चालू राहिला तर तें रोगाला पाणी घालतें, पहारेकऱ्याला घायाळ करतें, किरणाला बोथट करतें आणि औषध वाटेंतच गडप करतें. म्हणून तें दूर करण्यास कोणताहि दिवस उशिराचा नाहीं. मात्र हें दूर करणें सर्वस्वीं एकट्या माणसाच्या हातीं नसतें. चिमूट टाकून देणें ज्याचें त्याला साधेल. कारखान्याची हवा, शहराचा धूर आणि चुलीचें धुराडें हीं समाजानें मिळून सुधारावयाचीं असतात. लंडनच्या मुलांना धुराड्यांतून खालीं उतरविण्यास कारण ठाऊक असूनहि शंभर वर्षें लागलीं. तीं वर्षें अज्ञानाचीं नव्हतीं. ब्रश तयार होता, निबंध छापलेला होता, कायदाहि पुस्तकांत होता. आणि तरीहि मूल स्वस्त पडत होतें. काजळीचा डाग हाताला लागला तर तो पाण्यानें निघतो. त्या शंभर वर्षांचा डाग मात्र अद्यापि निघालेला नाहीं.